पंचवीस किलोची पट्टी

डिसेंबर 2022, सकाळचे सव्वानऊ. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात अजून चहासुद्धा आला नव्हता आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून दिवाणजी काकांचा फोन.

"ताई, तुमचं सॉफ्टवेअर शेतकऱ्याकडूनच पैसे मागायला लागलंय."

त्यांनी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचा, फोटो पाठवला. वक्कल (एका शेतकऱ्याचा एकत्र विकायचा माल) 48 गोण्यांचं, भाव किलोला 18 रुपये, आणि वजन 25 किलो. अठ्ठेचाळीस गोण्यांचं मिळून पंचवीस किलो! विक्रीची रक्कम झाली 450. हमाली-तोलाई आणि गाडीभाडं मात्र गोण्यांवर लागतं, ते बरोबर 4,416 धरलं होतं. देय रक्कम उणे 3,966. खरं वजन होतं 2,516 किलो, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात 40,872 रुपये पडायला हवे होते. पट्टी अजून जुन्नरला पोचली नव्हती एवढंच नशीब.

हे गिऱ्हाईक आमच्याकडे दीड वर्ष होतं. शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका आडतदाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर आणि शेठचा आयपॅड. एका कॉम्प्युटरवर गाडी आली की आवक लिहायची: शेतकरी, गाव, गोण्या. दुसऱ्यावर विक्री: वजन, भाव, घेणारा. दोन्ही ब्राउझरमधल्याच टेबलात. टेबलातल्या एखाद्या घरावर टिचकी मारली की तिथे लिहायची चौकट उघडते, लिहून झालं की बंद होते. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसावं म्हणून टेबल दर तीस सेकंदांनी सर्व्हरकडून ताजं होऊन येतं. यात नवं काहीच नाही, असली टेबलं आम्ही डझनभर तरी केली असतील.

तीन तक्रारी, तीन संशयित

पट्टीचा फोटो आला तेव्हा या गाळ्याच्या दोन तक्रारी आधीच आमच्या वहीत पडून होत्या. एक म्हणजे आवकेत मधूनच एकच वक्कल दोनदा पडतं. दुसरी शेठची: आयपॅडवर भाव लिहिता लिहिता उडून जातो. वजन अर्धवट पडणं ही तिसरी.

लाजिरवाणी गोष्ट अशी की तिन्ही तक्रारींना आम्ही तीन वेगळी कारणं देऊन मोकळे झालो होतो. दोनदा पडणाऱ्या वक्कलाचा दोष कीबोर्डला, कारण एंटरची कळ ढिली असेल. आम्ही खरोखर नवा कीबोर्ड घेऊन दिला होता. आयपॅडच्या तक्रारीला कारण मार्केटमधलं नेटवर्क. आणि अर्धवट वजन म्हणजे काकांची घाई. काका तीस वर्षं मार्केटात आहेत, त्यांच्या घाईवर बोट ठेवण्याआधी मी जरा थांबायला हवं होतं.

कीबोर्डचा सिद्धान्त सर्व्हरच्या लॉगने, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीने, मोडला. दोनदा पडलेल्या प्रत्येक वक्कलाच्या दोन विनंत्यांमधलं अंतर 6 ते 9 मिलिसेकंद होतं. ढिल्या कळीने एवढ्या झटपट दोनदा एंटर आला असता, तर पानापर्यंत दोन कीडाउन (कळ दाबल्याची वर्दी) पोचायला हवे होते. मी पानात नोंद टाकून पाहिलं, कीडाउन एकच होता. म्हणजे एंटर एक आणि जतन दोन.

अर्धवट वजनांचं गूढ त्याहून मजेशीर. ती नोंद कोणत्या क्षणी झाली ते लॉगमध्ये होतंच. घड्याळाप्रमाणे पाहिलं तर काहीच सूत्र दिसेना. मग आमच्यात नव्याने आलेल्या मुलाने पान उघडल्यापासून किती सेकंदांनी नोंद झाली ते काढलं. सगळे आकडे तीसच्या पाढ्यात! 90, 1,260, 3,030. माणसाची घाई अशी पाढे म्हणत येत नाही.

काकांच्या शेजारी बसून

दुसऱ्या दिवशी पहाटेची ट्रान्स-हार्बर पकडून तुर्भ्याला उतरले आणि काकांच्या खुर्चीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. मागे माथाडी कामगार गोण्या उतरवताहेत, तोलणार ओरडून वजन सांगतोय आणि कांद्याच्या फोलपटांचा तो गोड-तिखट वास. ऑफिसात बसून लॉग वाचताना ज्या गोष्टी कधीच कळल्या नसत्या त्या इथे पहिल्या वीस मिनिटांत कळल्या.

काका स्क्रीनकडे बघतच नाहीत. डोळे तोलणाराच्या चिठ्ठीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर. त्यांनी 2 दाबला, 5 दाबला, तेवढ्यात एक माथाडी विचारायला आला की नाशिकची गाडी कुठे लावायची. काका त्याच्याकडे वळून बोलले. त्या दहा सेकंदांत टेबल ताजं झालं. लिहिण्याची चौकट स्क्रीनवरून गेली, काकांना पत्ताच नाही. परत वळून त्यांनी 1, 6 आणि एंटर दाबलं. ते तीन ठोके कुठेच गेले नाहीत, कारण लिहायला चौकटच उरली नव्हती. पुढच्या फेरीत त्या घरात 25 येऊन बसले.

आणखी दोन गोष्टी दिसल्या, ज्यांची तक्रार कुणी केलीच नव्हती. काका मधूनच चिठ्ठीचा फोटो पाहायला व्हॉट्सअॅपच्या खिडकीत जात, आणि जाताच अर्धवट लिहिलेलं जतन होत असे. परत येऊन ते पुढचे आकडे लिहीत, म्हणून शेवटी सगळं जुळायचं आणि कुणाच्या लक्षात येत नसे. दुसरी गोष्ट, ओळीच्या टोकाला असलेलं बरोबरच्या खुणेचं बटण ते नेहमी दोनदा दाबत.

"दोनदा का, काका?"

"एकदा दाबून होत नाही ना. पहिल्यांदा दाबलं की ते जागं होतं, दुसऱ्यांदा काम करतं."

मी हे बटण दीड वर्षांपूर्वी स्वतः बसवलं होतं. ते एकदाही नीट चाललं नव्हतं हे मला त्या स्टुलावर कळलं.

आत काय चाललं होतं

आमच्या कोडचा नियम साधा होता: एंटर दाबलं की जतन कर, आणि चौकटीवरचा फोकस गेला, म्हणजे टाइप केलेलं तिथे जायचं थांबलं, की तेव्हाही जतन कर. फोकस जाण्याची वर्दी देणारे दोन इव्हेंट आहेत, ब्लर आणि फोकसआउट. ब्लर चौकट ज्यांच्या आत असते त्या वरच्या घटकांपर्यंत चढत जात नाही, फोकसआउट जातो. म्हणून अख्ख्या टेबलावर एकच फोकसआउटचा हँडलर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) लावला की शंभर ओळी सांभाळल्या जातात. फायरफॉक्सने हा इव्हेंट फार उशिरा, 2017 च्या 52 व्या आवृत्तीत घेतला. त्याआधी असलं टेबल लिहिताना कसरत करावी लागे, म्हणून तो आला तेव्हा आम्ही खूश होऊन सगळीकडे वापरला.

आमच्या मनात फोकसआउटचा अर्थ होता 'माणूस चौकटीतून बाहेर पडला'. पण चौकट माणसाखालून कोणी ओढून घेतली तर? माणूस जागेवर आहे, चौकटच पानावरून गेली. याला बाहेर पडणं म्हणायचं की नाही, इथे तेव्हा ब्राउझर वेगवेगळी उत्तरं देत.

त्या वेळचं क्रोम म्हणायचं, हो. फोकस असलेला घटक पानावरून काढायला घेतला की क्रोम आधी त्याचा फोकस काढायचं, ब्लर आणि फोकसआउट तिथल्या तिथे पाठवायचं, हँडलर पुरे होऊ द्यायचं आणि मग घटक काढायचं. फायरफॉक्स आणि सफारी घटक गुपचूप काढून टाकतात. फोकस पानाच्या बॉडीवर, म्हणजे अख्ख्या पानावर, जाऊन पडतो आणि कुणालाही वर्दी जात नाही. एचटीएमएलच्या प्रमाणकात या प्रसंगाला स्पष्ट टीप आहे: घटक काढला गेला तर फोकस सोडण्याच्या नेहमीच्या पायऱ्या होत नाहीत, म्हणून ब्लर किंवा चेंज इव्हेंट येत नाही. कागदावर फायरफॉक्स आणि सफारी बरोबर होते. पण काकांच्या टेबलावर क्रोम होतं, आणि मी घरी लिनक्सवर फायरफॉक्स वापरते. मला घरी एकदाही दोनदा नोंद करून दाखवता आली नाही ती यामुळे.

आता एंटरचा प्रसंग संथ गतीने पाहा. एंटर आला, जतनाचं फंक्शन सुरू झालं. त्याने सर्व्हरला विनंती पाठवली आणि चौकट पानावरून काढायला घेतली. चौकटीवर फोकस होता, म्हणून क्रोमने काढण्याच्या आधीच फोकसआउट पाठवला. आमच्या हँडलरला वाटलं माणूस बाहेर पडला, त्याने जतनाचं तेच फंक्शन पुन्हा बोलावलं. पहिलं अजून अर्ध्यात उभंच आहे आणि त्याच्या पोटात दुसरं. दुसऱ्याने दुसरी विनंती पाठवली, चौकट काढली (आता फोकस नव्हता, म्हणून बिनबोभाट निघाली), कर्सर पुढच्या ओळीत नेला आणि ते संपलं. मग पहिलं फंक्शन पुढे सरकलं, चौकट काढायला गेलं तर ती आधीच गेलेली. तिथे त्रुटी येऊन ते कोसळलं. पण कर्सर पुढे नेण्याचं काम दुसऱ्याने केलेलंच असल्यामुळे स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसत होतं. काकांना काही वावगं दिसायचं कारणच नव्हतं.

त्या त्रुटीचा मजकूर क्रोमच्या कन्सोलमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत) लाल अक्षरांत दीड वर्ष येत होता. मराठीत सांगायचं तर, 'जो नोड (पानाचा घटक) काढायचाय तो आता या नोडचं मूल राहिलेला नाही. ब्लरच्या हँडलरमध्ये तो हलवला गेला असेल का?' क्रोमने रोगाचं नाव लिहून चिठ्ठी दिली होती आणि आम्ही कीबोर्ड बदलत बसलो होतो. गिऱ्हाईकाच्या मशीनवर जाऊन कन्सोल उघडायची तसदी कुणी घेतली नाही, मीही नाही.

टेबल ताजं होताना हेच, फक्त एंटरशिवाय. तीस सेकंद झाले, अख्ख्या टेबलाचं इनर-एचटीएमएल (आतलं सगळं) बदललं, आतली चौकट जाऊ लागली, क्रोमने फोकसआउट पाठवला आणि चौकटीत त्या क्षणी जे होतं ते, म्हणजे 25, इमानदारीने जतन झालं. सफारीत याच प्रसंगी फोकसआउट आलाच नाही, म्हणून शेठने लिहिलेला भाव हवेत विरला. एका ब्राउझरमध्ये अर्धवट जतन, दुसऱ्यात पूर्ण गायब. दोन्ही तक्रारी मुळात एकच.

बटणाची कथा थोडी वेगळी. माउस दाबला की आधी चौकटीचा फोकस जातो, मग माउस सुटतो, मग क्लिक होतो. आमचा फोकसआउट हँडलर त्या मधल्या फटीत अख्खी ओळ नव्याने रंगवायचा. दाबलं एका बटणावर, सुटलं त्याच जागी आलेल्या त्याच्या जुळ्या भावावर. दाबणं आणि सुटणं वेगवेगळ्या घटकांवर झालं, तर क्लिक दोघांच्या सामाईक पूर्वजावर होतो. इथे पहिलं बटण पानावरच नाही, मग सामाईक पूर्वज कुठला? क्लिक हरवला. वजन मात्र फोकसआउटमुळे जतन झालेलंच असायचं. काकांच्या दुसऱ्या दाबाला जतन करण्यासारखं काही उरत नसे, पण वर 'जतन झाले' अशी हिरवी पट्टी झळकायची म्हणून काका समाधानी. बटणाचं काम होतं ती हिरवी पट्टी दाखवणं, इतकंच.

"मी पण क्रोमच वापरतो"

हे सगळं शेठना समजावून सांगताना मी म्हटलं, क्रोम असं वागतं आणि सफारी तसं. त्यांनी आयपॅड माझ्यापुढे धरला. "मॅडम, मी पण क्रोमच वापरतो. बघा." खरंच क्रोम होतं. आणि त्या क्रोमवर भाव उडत होता, अर्धवट जतन होत नव्हता.

क्षणभर माझी सगळी मांडणी ढासळली. मग लक्षात आलं. आयफोन-आयपॅडवर क्रोम असो, फायरफॉक्स असो, पान रंगवण्याचं यंत्र आत सफारीचंच, म्हणजे वेबकिट. अॅपलचा तेव्हा जगभर तसा नियम होता. आयपॅडवरचं क्रोम हे क्रोमचा सदरा घातलेली सफारी असतं. उलट विंडोजवरचं एज 2020 पासून क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर, बांधलेलं आहे, तिथे क्रोमसारखंच वागणं दिसणार. 'कुठल्या ब्राउझरवर होतंय?' हा आमचा तक्रार घेतानाचा पहिला प्रश्न अर्धाच होता. तेव्हापासून आम्ही 'कुठल्या मशीनवर' हे आधी विचारतो.

खात्री करायला त्या रात्री चार ओळींचं एक पान केलं. एक चौकट, पाच सेकंदांनी ती पानावरून काढणारा टायमर, आणि जे जे इव्हेंट येतील त्यांची खाली यादी. चौकटीत टिचकी मारायची, काहीतरी लिहायचं, हात वर करून पाच सेकंद थांबायचं. विंडोजवरच्या क्रोम आणि एजमध्ये यादीत ब्लर, फोकसआउट. फायरफॉक्समध्ये यादी रिकामी. आयपॅडवर दोन्ही ब्राउझरमध्ये रिकामी. हे पान आधी केलं असतं तर तुर्भ्याची फेरी वाचली असती असं वाटलं, पण मग तो दहा सेकंदांचा थांबा आणि बटणाचा दुसरा दाब कळला नसता.

दुरुस्तीचे चार डाव

पहिला डाव नव्या मुलाचा: जतन चालू असताना एक झेंडा उभा करायचा, झेंडा वर असेल तर दुसरं जतन नाकारायचं. आवकेतल्या दुहेरी नोंदी त्याने थांबल्या. पण टेबल ताजं होताना जतन मुळात चालूच नसतं, त्यामुळे अर्धवट वजनं पडतच राहिली.

दुसरा डाव माझा, आणि तो मला फार हुशारीचा वाटला होता. फोकसआउट आला की विचारायचं, चौकट अजून पानाला जोडलेली आहे का? नसेल तर माणूस बाहेर पडलेला नाही, दुर्लक्ष करायचं. उपयोग शून्य. क्रोम फोकसआउट पाठवतं ते घटक काढायच्या आधी, त्या क्षणी चौकट पानाला व्यवस्थित जोडलेली असते. पुढच्या क्षणी ती जाणार आहे, हे तिला विचारून कळत नाही.

तिसरा डाव चालला. झेंडा जतनावर न लावता रंगवण्यावर लावला. आपण स्वतः टेबल बदलत आहोत, तोवर आलेला कुठलाही फोकसआउट खोटा समजायचा. नंतर पाहिलं तर पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी असलेलं रिअॅक्ट कधीपासून हेच करतं. पानावर बदल उतरवत असताना ते आपली इव्हेंट यंत्रणा तात्पुरती बंद ठेवतं, आणि त्यांच्या कोडमधल्या टिप्पणीत कारणही दिलंय की घटक हलवताना ब्लर-फोकस नको तेव्हा सुटू शकतात. आमच्यासारख्या साध्या जावास्क्रिप्टवाल्यांनी ही टिप्पणी आधी वाचली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या डावाने क्रोम सफारीसारखं झालं, म्हणजे अर्धवट जतन थांबलं आणि आता काकांचंही लिहिलेलं उडायला लागलं. मुलगा म्हणाला, सगळीकडे सारखं झालं ना? सारखं झालं खरं, पण सारखंच वाईट. काकांनी तर स्पष्ट सांगितलं, "चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, पण ताई, मला दोन्ही नको."

तेव्हा कुठे मूळ चुकीकडे वळलो. माणूस ज्या चौकटीत लिहितोय ती चौकट तीस सेकंदांनी फेकून नवी आणायची, हा उद्योगच कशाला? चौथ्या डावात टेबल अख्खं बदलणं बंद केलं. सर्व्हरकडून आलेल्या ओळींशी ताडून फक्त बदललेली घरं बदलायची आणि जिथे चौकट उघडी आहे त्या ओळीला हात लावायचा नाही. प्रत्येक ठोक्यासरशी लिहिलेलं पानाबाहेर, कच्च्या नोंदीत ठेवायचं, म्हणजे चौकट काही कारणाने गेलीच तरी मजकूर जात नाही. कच्ची नोंद असलेलं घर पिवळं दिसतं.

जतन कधी करायचं यावर थोडी घासाघीस झाली. मला फोकसआउट पूर्ण काढून टाकायचा होता, फक्त एंटर आणि टॅब. पण काका विक्रीत एंटर क्वचितच दाबतात. चिठ्ठी संपली की माउसने पुढच्या वक्कलावर टिचकी, बस. त्यांची तीस वर्षांची सवय माझ्या नियमापुढे बदलणार नव्हती आणि बदलावी असंही मला वाटत नव्हतं. म्हणून फोकसआउट ठेवला, पण दोन अटींवर. आपण रंगवत नसू तरच. आणि खिडकी बदललेली नसेल तरच. व्हॉट्सअॅपच्या खिडकीत गेल्यावरही चौकटीला ब्लर येतो, मात्र तेव्हा पानाच्या लेखी सक्रिय घटक तीच चौकट राहते. दुसऱ्या घरावर टिचकी मारली तर तसं राहत नाही. एवढ्या एका फरकावर दोन प्रसंग वेगळे काढता येतात.

बटणाला मात्र मी नुसत्या क्लिकच्या भरवशावर सोडलं नाही. माउस दाबला त्याच क्षणी फोकस हलण्याची मूळ क्रिया रोखायची. चौकटीचा फोकस जात नाही, मधली फट राहत नाही आणि क्लिक त्याच बटणावर येतो. काकांना पहिल्याच दाबाला हिरवी पट्टी दिसली. सवयीने त्यांनी दुसऱ्यांदा दाबलंच, आणि अजूनही दाबतात.

सर्व्हरच्या बाजूला एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चौकट उघडताना पान स्वतःच त्या नोंदीला एक क्रमांक देतं, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसरी नोंद करत नाही. आणि वजनाला गोण्यांनी भागून गोणीमागे 30 किलोच्या खाली किंवा 70 च्या वर गेलं तर पट्टी छापण्याआधी विचारतं. ही दुसरी अट काकांनी सुचवली. "गोणी म्हणजे पन्नास-पंचावन्न किलो, हे कुणाला सांगावं लागतं का?" आम्हाला सांगावं लागलं.

जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा अर्धवट वजनाच्या नऊ पट्ट्या निघाल्या. आठ काकांनी छापायच्या आधीच हाताने दुरुस्त केल्या होत्या. त्यांना वाटत होतं आपलंच बोट चुकतंय, म्हणून बोलले नव्हते.

बेरीज

या प्रकरणात एक जागा मी मुद्दाम सोडून दिली होती. टेबलाच्या तळाला दिवसभराच्या गोण्यांची आणि रकमेची बेरीज असते. तो तुकडा आमच्या आधीच्या कुणीतरी लिहिला होता आणि तो म्युटेशन इव्हेंटवर चालायचा. टेबलात काहीही बदललं की 'डीओएम सबट्री मॉडिफाइड' नावाचा इव्हेंट येतो, बेरीज पुन्हा होते. हे इव्हेंट 2000 सालच्या डॉम लेव्हल 2 या प्रमाणकातले. त्यांची वर्दी प्रत्येक लहानसहान बदलाला, तिथल्या तिथे येते, म्हणून पान मंद होतं. आणि बेरीज लिहिणं हाही बदलच, त्यामुळे जरा चुकलं की साप स्वतःचं शेपूट गिळायला लागतो. ब्राउझरांचं एकमतही कधी नव्हतं. गुणधर्म बदलल्याची वर्दी देणारा त्यातला इव्हेंट वेबकिट-क्रोमने कधी दिलाच नाही. 2011 मध्येच हे इव्हेंट वापरू नका असं ठरलं आणि 2012 पासून म्युटेशन ऑब्झर्व्हर आला. तो बदल साठवून चालू काम संपल्यावर एकदम सांगतो.

मला हे सगळं ठाऊक होतं. कन्सोलमध्ये पिवळी सूचनाही येत होती. पण बेरीज बरोबर येत होती आणि अंगावर नऊ पट्ट्या होत्या, म्हणून म्हटलं नंतर बघू.

जुलै 2024 मध्ये क्रोमची 127 वी आवृत्ती आली, तिने म्युटेशन इव्हेंट काढून टाकले. गाळ्यावरचं क्रोम रात्री आपोआप अद्ययावत झालं. सकाळी काकांचा फोन.

"ताई, बेरीज रुसली. सकाळपासून शून्यावर बसलीय."

पहिला विचार ऑब्झर्व्हर लावून मोकळं व्हायचा होता. तासाभराचं काम. पण ऑब्झर्व्हरला चौकटीत टाइप केलेला आकडा दिसत नाही, तो पानाच्या झाडातला बदल नसतोच. आणि मुळात आकडे आमच्याच हातात असताना पानाकडे डोळे लावून बसायचं कशाला? कच्ची नोंद पक्की झाली की तिथेच बेरीज करायची आणि तळाला लिहायची, असं केलं. टेबलावर नजर ठेवणारा तो जुना तुकडा पुसला. दुपारी साडेतीनला काकांनी फोटो पाठवला: 1,312 गोण्या, तळाची रक्कम त्यांच्या वहीशी जुळलेली, आणि एका घरात पिवळ्या रंगात अर्धवट 25.

"हे पिवळं राहू द्या," खाली लिहिलं होतं, "माथाडी बोलवतोय, येऊन पुरं करतो."